वॅगन आधी कोणाची?

युद्धकाळात रेल्वेने माल पाठविण्यावर निर्बंध येणारच, असे सांगितले जाते. येऊ देत. दारूगोळा अडवून कांदे पाठवा, असे कोणी म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. वॅगन कोणाला आधी आणि कोणाला शेवटी, ही यादी करतो कोण?

बंगालकडे पाहा. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. भारतातील इंजिने, वॅगनी, रूळसुद्धा मध्यपूर्वेकडे गेले होते. उरलेल्या वॅगनींवर पहिला हक्क लष्कराचा. त्यात प्रांतांनी आपापले धान्य बाहेर जाऊ देणे बंद केले. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांना 'अत्यावश्यक' ठरवून धान्य पुरविण्याची योजना व्यापाऱ्यांच्या चेंबरने ऑगस्ट १९४२ मध्येच आखली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तो कामगारही आमचाच. पण खेड्यातला भूमिहीन शेतमजूर, मासेमार, नावाडी यांना अत्यावश्यक कोण म्हणणार?

बंगालच्या खाडीपट्ट्यात रेल्वेपेक्षा होडीच कामाची. तिथली वॅगन म्हणजे होडी. ती जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून दहाहून अधिक माणसे नेणाऱ्या होड्या सरकारने हलविल्या, मोडल्या. नोंदलेल्या ६६ हजारांपैकी जेमतेम २१ हजार उरल्या. नदीवर पोट असणाऱ्यांत नमोशूद्र होते, गरीब मुसलमान होते. १९४३ च्या दुष्काळात सर्वाधिक नागवले गेले ते शेतमजूर आणि मासेमार, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली मांडले. सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख मृत्यू धरले. पुढच्या अभ्यासकांचा आकडा ३० लाखांपर्यंत जातो. आणि म्हणे उपाय नव्हता!

त्याच वर्षी जुलैत दामोदरला पूर आला, बरद्वानजवळ रेल्वेमार्ग तुटला आणि कलकत्त्याकडे येणारी धान्याची वाटही अडली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकालीन वाहतुकीचे खाते त्यांच्याकडे नव्हते, ते बेन्थॉल यांच्याकडे. पाटबंधारे आणि वीज मात्र बाबासाहेबांकडे होती. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी नुसता पूर अडविणारा बांध नको असे बजावले. पूरनियंत्रणाबरोबर सिंचन आणि वीज हवी, आणि जलवाहतूकही हवी, असा त्यांचा आग्रह होता.