यंत्राची परीक्षा आणि आपण

परीक्षेचे नाव काढले की आपणा विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. पण आपण रोज वापरतो त्या संकेतस्थळांनाही परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षा यंत्रच घेते, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात नाक खुपसावे का, असे कोणी विचारील. माझे उत्तर आहे : अवश्य खुपसावे. कारण सांगते.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. बाबा सातपाटीला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज मी त्यांच्या जुन्या फोनवर भरला. सारी माहिती भरून झाली, पण शेवटचे ‘पुढे जा’ हे बटण काही सापडेना. शोधता शोधता वेळ संपली आणि भरलेले सारे पुसले गेले. माझेच काहीतरी चुकले असे समजून मी रडले. दुसऱ्या दिवशी दोन व्याख्याने बुडवून पालघरच्या एका दुकानात गेले. तिथल्या मोठ्या पडद्यावर तेच बटण ठळक दिसत होते!

दिवाळीत शेजारचा दादा पुण्याहून आला. संकेतस्थळे तपासणे हीच त्याची नोकरी. त्याने बाबांचा फोन पाहून सांगितले की लहान पडद्यावर ते बटण एका सूचनेच्या पट्टीखाली दडले आहे. मग त्याने आपल्या लॅपटॉपवर एक गंमत दाखवली. ब्राउझर आपोआप उघडला, रकान्यांत अक्षरे आपोआप उमटली, बटण दाबले गेले आणि शेवटी हिरवी खूण आली. म्हणजे पास! माणूस दहा वेळा अर्ज भरून कंटाळेल, यंत्र रात्रभर शेकडो वेळा भरील. संकेतस्थळात बदल झाला की तीच परीक्षा पुन्हा.

या कामाचे सर्वांत गाजलेले साधन म्हणजे सेलेनियम. शिकागो येथे थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी २००४ साली त्याची सुरुवात केली. नावामागे थट्टा आहे. त्या काळी मर्क्युरी नावाची प्रतिस्पर्धी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियमचा!

मी विचारले, “दादा, या परीक्षेत अर्ज भरणाऱ्याचे नाव काय असते?”

“टेस्ट युजर.”

“आणि फोन कोणता?”

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बहुतेक वेळा फोन नसतोच गं. आमच्या लॅपटॉपचाच पडदा.”

मित्रहो, माझे म्हणणे एवढेच आहे. दोष यंत्राचा नाही. झाकलेले बटण दाबायला सांगितले तर सेलेनियम ते दाबत नाही, चूक म्हणून दाखवते. लहान पडद्यावर परीक्षा घेतली असती तर माझी अडचण त्याने आधीच पकडली असती. पण यंत्राला जेवढे विचारायला सांगावे तेवढेच ते विचारते. प्रश्नपत्रिका माणूस काढतो, आणि ती काढताना त्याच्या डोळ्यांसमोर बाबांचा फोन नव्हता.

तसे फोन मिळत नाहीत, ही सबब चालणार नाही. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी २०११ साली मुंबईत ब्राउझरस्टॅक ही कंपनी काढली. तिचा धंदाच हा, की कोठेही बसून हजारो खऱ्या फोनांवर आपले संकेतस्थळ तपासता यावे. जगभरच्या कंपन्या तिची मदत घेतात. साधन आपल्या पालघरपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर तयार झाले, उणीव आहे ती आठवण ठेवण्याची.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे बोटी किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात. तांडेल सांधा न् सांधा ठोकून पाहतो, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो. बोट खाडीत तरंगली म्हणून ती पास, असे तो कधी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर खवळलेला दर्या असतो, कारण त्या बोटीत तो स्वतः बसणार असतो. संकेतस्थळ तपासणारा मात्र त्या बोटीत बसत नाही. बसतो आपण.

म्हणून ही प्रश्नपत्रिका काढायला आपणही हवे आहोत. एक साधे उदाहरण देते. ‘क्षितिज’ हे नाव आपण तीन अक्षरांचे म्हणतो. संगणक पायमोडका क, ष आणि वेलांट्या सुट्या मोजून त्याची सात चिन्हे करतो. मग वीस चिन्हांच्या रकान्यात आपली लांबलचक मराठी नावे मधेच तुटली तर नवल काय? हे भाषा शिकणाऱ्याला चटकन कळते. अडाणी माणूस अर्जासमोर कोठे अडखळतो, हे त्याच्या शेजारी बसून अर्ज भरून देणाऱ्याला कळते. हे दोन्ही आपल्यापाशी आहे.

परवा बाबा म्हणाले, “आपल्याला फोनातले काही कळत नाही बघ.” मी म्हटले, “नाही बाबा, फोनवाल्यांनाच अजून आपण कळलेलो नाही.” ते कळवण्याचे काम आपले आहे. ज्या दिवशी परीक्षेतल्या त्या ‘टेस्ट युजर’च्या हाती बाबांचा फोन येईल, त्या दिवशी मी हिरव्या खुणेवर विश्वास ठेवीन.

— द्वितीय वर्ष कला