फाटकाबाहेरचे साक्षीदार

नेव्ह मार्च यांच्या ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ या पहिल्याच कादंबरीला 2020 मध्ये प्रसिद्ध होण्याआधीच अमेरिकेत नवोदित रहस्यकथाकारांसाठीचा पुरस्कार मिळाला होता. तिच्या मुळाशी सत्यघटना आहे. 1891 मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. त्यांतल्या बच्चूबाई या, पुढे कुलपांच्या कारखान्यामुळे नावारूपाला आलेल्या अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी. खुनासाठी शिक्षा कुणालाच झाली नाही. सव्वाशे वर्षांनी एका नवख्या लेखिकेनं ते प्रकरण पुन्हा हाती घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या एखाद्या तरुण लेखकानंही असं धाडस करावं. मात्र श्रीमंतांच्या जगातला खून त्यानं मलबार हिलवर न शोधता डहाणू-तलासरीत शोधावा.

बंगल्यातल्या खुनाच्या कथेत संशयित मोजके असतात आणि गुन्ह्याची कारणं घरातच सापडतात: मृत्युपत्र, मत्सर, जुनं प्रेम. नोकर येतो तो चहाचा ट्रे घेऊन, नाहीतर वेळ सांगायला. प्रत्यक्षात श्रीमंतांचे गुन्हे असे घरापुरते राहत नाहीत. 12 जानेवारी 1925 रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. इंदूर दरबारातून निसटलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्यासाठी तो हल्ला होता. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभे राहिले नाहीत. 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली, तेवढंच. हातांना शिक्षा झाली, हुकूम कुणाचा होता हे कोर्टात ठरलंच नाही. खरी रहस्यकथा सुरू व्हायला हवी ती इथून.

तलासरीजवळच्या तलवाड्याला 10 ऑक्टोबर 1945 रोजी जे घडलं, त्यात तर कथानक तयारच आहे. वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी यांच्या मुक्तीसाठी वारली उठले होते. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मिळावी, म्हणून संप चालू होता. गवत कापणीचा हंगाम वाया जाणं जमीनदारांना परवडणारं नव्हतं. अशात पाड्यापाड्यांवर निरोप फिरला, की किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला जमा. हजारो वारली धावून आले. किसान सभेच्या सांगण्यानुसार निरोप खोटा होता. तो जमीनदारांनीच पसरवला आणि आदिवासी हल्ल्यासाठी जमताहेत असं पोलिसांना कळवलंही त्यांनीच. गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. खोटा निरोप, हंगामात अडकलेला पैसा, दोन बाजूंना सांगितलेल्या दोन गोष्टी: रहस्यकथेला लागणारं सगळं यात आहे. पहिला निरोप कुणाच्या ओटीवरून निघाला आणि तो कोण घेऊन गेला, हा धागा कादंबरीकारानं शेवटपर्यंत ओढावा.

यावर कुणी म्हणेल, रहस्यकथा ही करमणूक. तिच्यावर इतिहासाचं ओझं कशाला? पण कथा वाचकाला धरून ठेवते ती हेतूच्या बळावर, आणि जमीन व मजुरी यांच्याइतका पक्का हेतू दुसरा नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळेच जमीनमालक खलनायक ठरतील, आणि चिकूच्या वाड्या उभ्या करणाऱ्या इराणी-पारशी कुटुंबांचे कष्ट पुसले जातील, ही भीती. ती रास्त आहे. तिला उत्तर मात्र रहस्यकथेच्या घडणीतच आहे. प्रचारपत्रकात आरोपी आधीच ठरलेला असतो; रहस्यकथेत प्रत्येक संशयिताला निर्दोष ठरायची संधी द्यावीच लागते, पुराव्यावाचून कुणावर बोट ठेवता येत नाही. वारलींच्या तोंडी शहरी मराठी घालून ही कादंबरी होणार नाही, एवढं मात्र नक्की. म्हणून ती तलासरीत वाढलेल्या, वारली बोली कानात असलेल्या लेखकानं लिहिली तर उत्तमच.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 पासून आपल्याजवळ आहे, त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. एका बाजूची सविस्तर साक्ष त्यात नोंदलेली आहे. पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी आणि प्रकाशकांनी अशा हस्तलिखिताला दार उघडं ठेवावं.