मावशी म्हणू नका, पगार बोला!



सकाळी सातला खोपटच्या एसटी स्टँडसमोर उभं राहा. टॉवरकडं झपाझप निघालेल्या बाया बघा. दुसऱ्याचं पोर सांभाळायला निघाल्यात. स्वतःचं पोर शेजारणीच्या भरवशावर. साहेब-मॅडमची लोकल चुकता कामा नये ना!

पगाराचं काढलं की मॅडम हसून म्हणणार, "मावशी, पैशाचं काय घेऊन बसलात? तुम्ही तर घरच्यासारख्या."

वा रे घर! मावशी, पण कप वेगळा. मावशी, पण लिफ्ट वेगळी. बाळ छातीशी धरताना जात आडवी येत नाही, सोफ्यावर टेकताना येते. अन् साहेब दहा दिवस फिरायला गेले की मावशीचे दहा दिवस कापले! ही माया नाही. साखर लावलेली वेठबिगारी आहे.

हिशेब मांडा. समजा महिना 10,000 ठरले. दिवसाचे 12 तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 312 तास. तासाला 32 रुपये! तुमच्या काळजाच्या तुकड्याची राखण दोन वडापावच्या भावात?

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी उभे राहिले. मालकानंही भार उचलावा म्हणाले. मेहेरबानी नव्हे, हक्क. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ मागितली, भरपगारी सुट्टी मागितली. 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात कल्याण आलं, पगाराचा दर आला नाही. 2011 साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. आठवड्याला सलग 24 तास विश्रांती त्यात लिहिली आहे. भारतानं तिथं हात वर केला. घरी येऊन मात्र करार अजून मंजूर केलेला नाही.

आता आपल्यातल्यांना. राखीव जागेनं नोकरी लागली, फ्लॅट झाला, भिंतीवर बाबासाहेब लावले. अन् त्याच फोटोखाली बसून तुम्ही बाईशी पाचशेसाठी घासाघीस करता? अरे, तुमच्या आयांनी हीच धुणीभांडी करून तुम्हाला शिकवलं! वरच्या जातीची ढेकर तुमच्या तोंडून येतेय, कळतंय का?

म्हणून कागद काढा. त्यावर लिहा: तास किती. काम कोणतं, कारण पोर सांभाळणं म्हणजे सोबत लादी-भांडी फुकट नाही. आठवड्याची सुट्टी भरपगारी. आजारपणाची रजा. जादा तासाला जादा पैसे. दिवाळीला एक पगार. तुम्ही गावी गेलात तरी पगार चालू. काढायचं तर महिनाभर आधी सांगणं. खाली दोघांच्या सह्या.

अन् बायांनो, एकटीनं बोलू नका. एका टॉवरमधल्या सगळ्या जणी मिळून एकच दर सांगा. एकटीला काढतील, पन्नास जणींना काढून पोरं कोणाकडं ठेवतील?

आम्हाला नातं नको, दाम हवा. तो दिलात की मग मावशी म्हणा, शोभेल.

जय भीम!