मशीन आले, मराठी कुठे आहे?

यंत्राने कष्ट हलके होतात, हे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. यंदा बाबांनी सरपण कापायला कर्जाने चेनसॉ मशीन घेतले, तेव्हा या वाक्याची दुसरी बाजू कळली. माहितीपत्रक इंग्रजीत! आमच्या घरात ते वाचू शकणारा मी पहिलाच.

त्यात होते तरी काय? १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलीलिटर टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. चेनचे ऑइल वेगळे. पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत, लाकूड कापत नसताना, फुल रेस करू नका. नवी चेन सैल पडते, वरचेवर तपासा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकवू नका. मशीन उसळून तोंडावर येते.

तेल चुकले तर इंजिन जाईल, तेही पुन्हा घेता येईल. पण माणूस? आयुष्यभर कुऱ्हाड चालवलेल्याला हे समजत नाही असे नाही; त्याच्या भाषेत ते कुणी सांगितलेलेच नाही. विकताना मराठी चालते, मग जीव जपताना का नको? विक्रेत्यांनी मराठी पत्रक दिलेच पाहिजे. तोवर मित्रहो, सुट्टीत गावी गेल्यावर आपण प्रत्येकाने एक तरी पत्रक मराठीत उतरवावे. आपल्या पदवीचा पहिला उपयोग तोच ठरो.