पंडितसारखा माणूस पाहिजे!

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला. "भाऊ, रविवारी अकराले कॉलेजात या. कबड्डीच्या कोचचं ठरवाचं हाय." मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणे, "तुमी जुने खेडाडू." मंडळी, जुना खेळाडू हे विशेषण पोट सुटलेल्या माणसाला लावलं की बरं वाटतं हे खरं. गेलो.

आमचं देवळी म्हणजे वर्ध्याहून यवतमाळला जाताना लागतं ते. इथे कापूस, कुस्ती आणि कबड्डी या तीन विषयांवर कोणीही अधिकारवाणीने बोलू शकतो. गावचे रामदास तडस आखाड्यातून राजकारणात गेले आणि २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं वर्ध्याचे खासदार होते, त्यामुळे मातीतल्या खेळाला आमच्याकडे जरा जास्तच मान. तर जवळच्याच एका कॉलेजात (नाव घेत नाही, उगाच कटकट नको) मुलांना कबड्डी शिकवणारे सर यंदा निवृत्त झाले. त्यांची जागा कधी भरली जाईल ते देव जाणे. तोवर मानधनावर एक कोच ठेवायचा, असं संस्थेने ठरवलं.

बैठकीला आम्ही सातजण. चहा, चिवडा आणि दोन अर्ज. एक अमरावतीचा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजातून शिकलेला, पतियाळाचा एनआयएस डिप्लोमा केलेला. दुसरा आमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. डाव्या कोपऱ्यात खेळायचा, पकड अशी की सुटणं मुश्कील. आता दिवसा जिनिंगमध्ये नोकरी करतो आणि संध्याकाळी गावातल्या लहान पोरांना फुकट शिकवतो.

पाचच मिनिटांत एकाने टेबलावर हात आपटला. "चंद्रकांत पंडितसारखा कडक माणूस आना बाप्पा! पोट्टे सुधारतीन." दुसरा म्हणाला, "बाहेरचा येईन, दोन महिन्यांत मानधन पाहून पळून जाईन. आपलाच पोट्टा घ्या." पुढचा तासभर हेच. विदर्भात कुठल्याही खेळाच्या कोचची चर्चा आता पंडितांशिवाय होत नाही. पण पंडितांच्या गोष्टीतला अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिलाय, आणि माझं भांडण आहे ते त्याच्याशी.

आठवून पाहा. विदर्भाचा संघ रणजी खेळायला लागला १९५७-५८ साली. पुढची साठ वर्षं आपण 'हरलो तरी झुंज दिली' यावर समाधान मानलं. २०१७ साली पंडित आले. त्याआधी ते मुंबईचे कोच होते. २०१५-१६ ची रणजी त्यांनी मुंबईला जिंकून दिली, पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि मुंबईने नवा कोच शोधला. मुंबईला उपविजेतेपद म्हणजे अपयश वाटतं, काय करणार! नागपूरने मात्र त्यांना बोलावलं. त्याच मोसमात कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकला फक्त ५ धावांनी हरवलं, रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले. मग इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला रणजी करंडक आपला. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून पुन्हा आपलाच.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण जामठ्याचं स्टेडियम २००८ साली उभं राहिलं आणि त्याच सुमारास संघटनेची निवासी अकादमी सुरू झाली, हे त्या टेबलावर कोणी बोललं नाही. त्याच काळात खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाकडून खेळू लागला आणि थोड्याच वर्षांत भारताकडून. म्हणजे पंडित आले तेव्हा शेत नांगरून तयार होतं, बी पेरलेलं होतं. ड्रेसिंग रूममध्ये वसीम जाफर बसलेला होता. आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळला नाही तरी पूर्ण पैसे मिळाले, म्हणून हा माणूस त्या वर्षी फुकट खेळला! असा सीनियर ज्या संघात आहे तिथे शिस्त लावायला कोचला किती ओरडावं लागत असेल?

पुढचं ऐका. पंडितांच्याच हाताखाली २०१९-२० ला आपण बाद फेरीतही पोचलो नाही. २०२० साली ते मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ च्या जूनमध्ये बेंगळुरूला मुंबईलाच हरवून त्यांना पहिली रणजी जिंकून दिली. त्याच मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून पंडित स्वतः हरले होते. म्हणजे माणूस मोठाच, वाद नाही. पण आयपीएलमध्ये कोलकात्याचे कोच असताना २०२३ ला सातवा नंबर, २०२४ ला विजेतेपद, २०२५ ला आठवा नंबर, आणि मग रामराम. माणूस तोच, शिस्त तीच.

आणि विदर्भ? उस्मान घनी कोच झाले, विदर्भाचेच माजी खेळाडू. २०२४ ला अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो, पण २०२५ च्या मार्चमध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा घरी आला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. (केरळकडून ७९ धावा करून आपल्याला घाम फोडणारा होता आदित्य सरवटे. होय, २०१९ च्या अंतिम सामन्यात आपल्यासाठी ११ बळी घेणारा तोच!) घनींचं नाव मात्र त्या बैठकीत एकानेही घेतलं नाही. घरचा माणूस जिंकला की ते संघाचं यश, बाहेरचा जिंकला की ते कोचचं यश.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, मी आमच्या डाव्या कोपऱ्याच्या बाजूने बोललो असेन. नाही.

माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बाराजणांची यादी लागली, त्यात माझं नाव होतं. माझ्यापेक्षा चांगली चढाई करणारा एक मुलगा तेराव्या नंबरवर राहिला. खेड्यातून सायकलने यायचा, सरावाला कधी उशीर नाही. मी घरी येऊन सांगितलं तर काका नुसते हसले. यादी करणारे गृहस्थ काकांचे वर्गमित्र होते हे मला नंतर कळलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्या माणसाचं पोरगं आहे, घेतलं. एवढंच. तो मुलगा दिवाळीनंतर मैदानावर आला नाही. मी ती स्पर्धा खेळलो, दोन चढायांत दोनदा बाद झालो.

मी आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. रविवारी सांगितलं. चिवडा खाणारे हात थांबले.

कोचची शिस्त, शिट्टी, सकाळी पाचचा सराव हे दिसतं. खरं काम यादी करण्याचं असतं, आणि लहान गावात यादी करणाऱ्याला प्रत्येक नावामागचा बाप, मामा, सोसायटीचा अध्यक्ष माहीत असतो. आमचा डावा कोपरा प्रामाणिक आहे, मी पैजेवर सांगतो. पण त्याला उद्या ज्यांच्या जिनिंगमध्ये काम करायचंय त्यांच्या पोराला तो बाहेर बसवू शकेल? आणि बसवलंच तर त्याचं काय होईल? आपण त्याला ज्या जागी बसवतोय तिथे त्याचा प्रामाणिकपणा त्यालाच महागात पडेल. अमरावतीच्या माणसाला कोणाचा काका कोण हे ठाऊक नाही. माझ्या मते डिप्लोमापेक्षा त्याची हीच पात्रता मोठी.

नियमांची गंमत तर वेगळीच. कायमचा क्रीडा संचालक नेमायचा तर नेट-सेट किंवा पीएचडी लागते, वर बारा मिनिटांत पळायची चाचणी, तिशीच्या आतल्या पुरुषाला १८०० मीटर. पुतण्याला 'नाही' म्हणता येतं का, याची चाचणी कुठेच नाही. :-)

म्हणून मी म्हटलं, अमरावतीचा घ्या, पण तीन वर्षांचं लेखी द्या आणि गावात राहायला खोली द्या. पहिल्या वर्षी हरला तर कोणी तोंड उघडायचं नाही, कारण आपण शेत नांगरलेलंच नाही. डाव्या कोपऱ्याला त्याच्या हाताखाली मानधन देऊन घ्या, लहान पोरांचं काम त्याच्याकडेच ठेवा. यादीवर सही मात्र बाहेरच्याची. तीन वर्षांनी पुन्हा बसू.

"दोन मानधनं कुठून आनता?" असं खजिनदार म्हणाले. प्रश्न रास्त होता. मी एकाची अर्धी रक्कम माजी विद्यार्थ्यांकडून गोळा करतो म्हणालो, सुरुवात माझ्यापासून. त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग पुढच्या रविवारी ठरवू म्हणून बैठक उठली.

बाहेर आलो तर मैदानावर आठ-दहा पोरं खेळत होती. माती जरा शिंपडलेली, रेघा काठीने ओढलेल्या. एका बारक्याला जवळ बोलावलं.

"सध्या कोन शिकवते बे तुमाले?"

"कोनीच नाही जी. आमीच."

"मंग टीम कोन काढते?"

त्याने मध्यरेषेवर उभ्या असलेल्या एका धिप्पाड पोराकडे बोट दाखवलं.

"तो कोन?"

"माह्या मामाचा पोरगा."