घाम देशासाठी, आजार मात्र घराण्याचा?

चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. यांपैकी कोणत्याही रस्त्याने पहाटे साडेचारला गाडी काढा. अंधारात पोरं पळताना दिसतील. कोणाच्या पायात फाटके बूट असतात, कोणी अनवाणी. पोटात रात्रीची भाकर, फार तर मूठभर भिजवलेले हरभरे. भरतीच्या अकॅडमीचे पैसे परवडत नाहीत म्हणून डांबरी सडक हेच यांचे मैदान. बुद्धवाड्यातली असतात, मराठ्यांची, बंजाऱ्यांची, धनगरांची असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, मग घरावर पत्रा येईल, बहिणीचे लग्न होईल, एवढे साधे गणित. या पोरांविषयी आपल्या चळवळीत बोलणे होते, पण ते आरक्षणाच्या जागांपुरते. भरती झाल्यावर त्यांच्या शरीराचे काय होते, यावर आपण फारसे बोलत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

माझ्या कामाच्या पट्ट्यातला एक मुलगा काही वर्षांपूर्वी लष्करात निवडला गेला. गावाने हार घातले, विहारात सत्कार झाला. काही महिन्यांत तो परत आला, सुटीवर नव्हे, कायमचा. प्रशिक्षणात लांब पल्ल्याच्या दौडीनंतर तो कोसळला होता. मला म्हणाला, "दादा, लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. मले वाटलं उष्णता झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळालो." तिसऱ्या दिवशी लघवीच बंद झाली. डायलिसिस करावे लागले. जीव वाचला, पण मूत्रपिंड पूर्वीसारखे राहिले नाही. वैद्यकीय मंडळाच्या कागदाचा अर्थ त्याला मी समजावून सांगितला: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, तो शरीराच्या मूळ घडणीचा आहे. म्हणजे पेन्शन नाही. त्याची आई शेजारी बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, "भरतीच्या वेळी तर डॉक्टरनं पोराले डोक्यापासून पायापर्यंत तपासलं होतं ना?"

त्या माऊलीने जो प्रश्न विचारला, तोच कायद्याचाही प्रश्न आहे.

आधी आजार समजून घेऊ. त्याचे नाव रॅब्डोमायोलिसिस. सवय नसताना, उन्हात, पुरेसे पाणी आणि विश्रांती न घेता शरीराला मर्यादेपलीकडे ताणले की स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतले मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करते. लघवी काळपट, चहासारखी होते. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयही बंद पडू शकते. 1941 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांची मूत्रपिंडे बंद पडत असल्याचे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी नोंदवले. तिथे स्नायू ढिगाऱ्याखाली चिरडले गेले, इथे ते कवायतीत फुटतात. मूत्रपिंडाला मात्र इजा त्याच वाटेने होते. वेळेत ओळखले तर सलाईनवर रुग्ण बरा होतो. रक्तातली सीपीके तपासणी आणि साधी लघवीची तपासणी यांतून आजार पकडता येतो. उशीर झाला तर डायलिसिस, आणि कधी आयुष्यभराचे दुखणे.

हा आजार कष्टाचा आहे, हे वेगळे सांगायला नको. माणूस घरी बसला असता तर त्या दिवशी तो झाला नसता. मग 'सेवेमुळे नाही' असा शेरा येतो कुठून?

येतो तो एका जुन्या युक्तिवादातून: दौड सगळ्यांनीच केली, मग हाच का पडला? याच्याच शरीरात काहीतरी खोट असणार. मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. माणसाच्या वाट्याला आलेल्या हालाचे कारण त्याच्या जन्मात शोधायचे आणि हाल देणाऱ्याला मोकळे सोडायचे, ही या देशातली जुनी रीत आहे. लष्करातही ती आपण भोगली आहे. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला लढलेले महार सैनिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या लेखी एकाएकी 'लढाऊ वंशाचे' उरले नाहीत आणि त्यांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध आवाज उठवणारे गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक होते. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडली गेली. बाबासाहेब 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे ज्या रक्ताला एका पिढीत नालायक ठरवले, तेच रक्त गरज पडताच लायक झाले. दोष रक्तात कधी नव्हताच.

आता विज्ञानाची बाजू, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि ते आदिवासी व पूर्वाश्रमीच्या महार समाजात जास्त आढळते. सिकलसेलचा रुग्ण वेगळा आणि वाहक वेगळा. वाहक साधारणपणे धडधाकट असतो, त्याला आपण वाहक आहोत हेही बहुधा ठाऊक नसते. अमेरिकन लष्करातील 47,944 कृष्णवर्णीय सैनिकांचा एक मोठा अभ्यास 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. वाहकांमध्ये कष्टजन्य रॅब्डोमायोलिसिसचा धोका 54 टक्क्यांनी जास्त होता. पण वाहकांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. का? कारण तिथे पाणी, विश्रांती, हवामानाची हळूहळू सवय ही काळजी सर्वच सैनिकांसाठी सक्तीची होती. आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासात आहे: तंबाखू वापरणाऱ्या सैनिकांतही या आजाराचा धोका जवळपास तितकाच वाढलेला दिसला. तंबाखू खाणाऱ्याला कोणी 'जन्मजात खोट' म्हणत नाही.

या अभ्यासाचा चुकीचा अर्थ लावला तर आपल्या पोरांसाठी दुहेरी सापळा तयार होतो. भरतीआधी 'तू वाहक आहेस, घरी जा', आणि भरतीनंतर आजारी पडला तर 'हे तुझ्या रक्तातलेच होते, घरी जा'. दोन्ही बाजूंनी घरीच. म्हणून मी स्पष्ट म्हणतो, आपली मागणी वाहकांना वेगळे काढण्याची नाही. काळजी सर्वांसाठी सारखी घ्या, आणि कामाने इजा झाली तर ती कामाचीच माना. ज्या शरीराला तुम्ही तपासून, 'फिट' म्हणून शिक्का मारून घेतले, ते तुमच्या मैदानावर मोडले तर जबाबदारी तुमची.

कायदा याहून वेगळे सांगत नाही. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नियमांचा अर्थ लावला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे मानायचे, नंतर झालेला आजार सेवेमुळे झाला असे धरायचे, उलट सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही आणि शंकेचा फायदा सैनिकाला. मंडळाला वेगळे म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहावीत. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालय म्हणाले की सैनिकाला अपंगत्वामुळे सेवेतूनच काढले असेल, तर ते अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त आहे असेच मानावे लागेल. हा 20 टक्क्यांचा उंबरठा महत्त्वाचा, कारण त्याखाली अपंगत्व पेन्शन बसत नाही. त्या चिखलपाण्यात बसलेल्या माऊलीचा प्रश्न आणि सर्वोच्च न्यायालयाचे तत्त्व एकच आहे.

पण नियम मागे सरकत आहेत. 2008 च्या नियमांनी लिहिले की सेवेत असताना आजार दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही. 2023 मध्ये पुन्हा नवे नियम आले, नावेही बदलली. सरकारचे म्हणणे असे की काही जण, विशेषतः वरचे अधिकारी, निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्व दाखवून लाभ उकळतात. असे होत असेल तर जरूर पकडा. पण रक्तदाब दाखवणाऱ्या साहेबाचा राग डायलिसिसवर गेलेल्या रिक्रूटवर काढायचा, हा कुठला न्याय? साहेब वकील लावू शकतो. रिक्रूटाच्या बापाला मुंबईच्या न्यायाधिकरणापर्यंत जायचे तर आधी गाडीभाड्याची सोय करावी लागते.

आणि आता अग्निवीर. आपल्या जिल्ह्याला हा विषय कागदावरचा नाही. पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. तेव्हा देशभर वाद झाला आणि लष्कराने रकमांची यादी जाहीर केली: 48 लाखांचा विमा, 44 लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या कार्यकाळाचे वेतन वगैरे. कुटुंबाला मासिक पेन्शन मात्र या योजनेत नाही. मृत्यूवर निदान चर्चा तरी होते. जो मरत नाही, अर्धा मोडून परत येतो, त्याचे काय? अग्निवीराला अपंगत्वासाठी एकरकमी 44, 25 किंवा 15 लाख, तेही अपंगत्व सेवेमुळे झाले असे मंडळाने मानले तरच. नियमित सैनिकासारखे आयुष्यभराचे अपंगत्व पेन्शन नाही. मूत्रपिंडाचे दुखणे एकरकमी नसते. ते दर महिन्याला औषध मागते.

त्यात चार वर्षांची मुदत. चारपैकी तिघे बाहेर पडणार. पहिल्या तुकड्या 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीस प्रशिक्षणात गेल्या, त्यांची मुदत आता संपत येते आहे. चारातून एक जण निवडला जाणार असेल, तर पळताना लघवी काळी झाली हे कोणता पोरगा सांगेल? 'आजारी' अशी नोंद झाली तर नोकरी गेली, ही भीती असते. भीतीने तो लपवतो, लपवल्याने नोंद होत नाही, नोंद नाही म्हणून पुढे दावा बसत नाही. ही साखळी कोणा एका डॉक्टरच्या दुष्टपणातून आलेली नाही, ती योजनेच्या रचनेतच आहे.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा मुद्दा हाच होता: ज्याला श्रमाचा लाभ मिळतो, त्याने श्रमिकाच्या शरीराचा भारही उचलावा. गिरणीमालकाला जे लागू, ते सरकार नावाच्या मालकाला लागू नाही का? देशभक्ती हे वेतन नव्हे, आणि ती नुकसानभरपाईही नव्हे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षणात कोसळलेल्या प्रत्येकाची सीपीके आणि लघवीची तपासणी होऊन ती सेवापत्रिकेत नोंदली जावी. आजार सांगणाऱ्याची निवड त्या कारणाने कापली जाऊ नये. सेवा सोडताना प्रत्येक अग्निवीराच्या मूत्रपिंडाची तपासणी व्हावी, आणि सेवेतल्या इजेचा परिणाम पुढे दिसला तरी उपचार व भरपाई मिळावी. आनुवंशिकता हे दावा नाकारण्याचे कारण असू नये.

आणि आपण काय करायचे? पोरांना सांगा: लघवी चहासारखी झाली तर पळणे त्याच क्षणी थांबवायचे आणि दवाखाना गाठायचा. 'उष्णता झाली' म्हणून जिऱ्याचे पाणी पीत घरी बसायचे नाही. प्रत्येक केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, मंडळाचा कागद जपून ठेवायचा, मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागायचा. दावा फेटाळला म्हणजे विषय संपला असे नाही. लष्करात अपील करता येते, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतल्या पोरांना त्या न्यायाधिकरणाचा दरवाजा नाही, त्यांना उच्च न्यायालयात जावे लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बुलढाण्यातच आहे, तिथे जाऊन विचारायला लाजू नका.

माझ्या ओळखीच्या त्या मुलाचे अपील आता गेले आहे. कागद लिहिताना त्याने मला विचारले, "दादा, माझ्या रक्तातच खराबी हाय असं त्यायले म्हणायचं हाय का?" मी म्हणालो, तुझ्या रक्ताविषयी निकाल देण्याचा अधिकार आपण कोणालाच दिलेला नाही. अर्जात फक्त एवढेच लिही: आलो तेव्हा धडधाकट होतो, तुम्हीच तपासले होते.

विहारात दर रविवारी वंदनेनंतर आपण बसतोच. येत्या रविवारी त्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना बोलवा आणि ही माहिती त्यांच्या कानावर घाला. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणताना 'शिका' पहिले येते. स्वतःच्या शरीराचा हक्कही शिकावाच लागतो.

जयभीम. जय संविधान.