सोसायटीतली ‘चेटकीण’ आणि विक्का नावाचा धर्म

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. बी विंगमधली भाडेकरू मुलगी ‘ब्लॅक मॅजिक’ करते. पुरावे चार. तिच्या खोलीत काळ्या मुठीचा सुरा आहे. गळ्यात चांदणीचं लॉकेट आहे. एक जाड वही आहे, त्यात मंत्र लिहिलेत. आणि पौर्णिमेला ती गच्चीवर मेणबत्त्या लावून बसते. पाचवी गोष्ट कोणी लिहिली नव्हती, पण लिफ्टमध्ये सगळे तेच बोलत होते. त्याच मजल्यावरच्या एका छोट्या मुलाला दहा दिवस ताप होता. डेंग्यू निघाला, रिपोर्ट आला, पोरगं बरंही झालं. तरी ‘पण तापाची सुरुवात पौर्णिमेनंतरच झाली ना?’ हे काही थांबेना.

मुलगी नागपूरची, आयटीत नोकरी करते, वय पंचवीस-सव्वीस. मी तिच्या दारात गेले आणि सरळ विचारलं, बाळ, हे काय आहे? ती म्हणाली, “काकू, मी विक्कन आहे.” मला शब्द माहीत होता, कारण भाषांतराच्या कामात एकदा तो माझ्या पानावर आला होता आणि संपादकांनी त्याचं ‘काळी जादू’ करून टाकलं होतं. तेव्हा मी भांडले नव्हते. आता भांडतेय.

आधी वस्तुस्थिती. विक्का हा इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात तयार झालेला धर्म आहे. हो, धर्म. तो उघड्यावर आणला जेराल्ड गार्डनर या माणसाने. हा गृहस्थ (1884–1964) आयुष्यभर ‘पूर्वेकडे’ होता: सिलोनला चहाच्या मळ्यात, मग बोर्निओ, मग मलायात कस्टम्सचा सरकारी अधिकारी. मलायी कट्यारींवर त्याने पुस्तक लिहिलंय. निवृत्त होऊन 1936 मध्ये तो इंग्लंडला परतला आणि पुढे सांगू लागला की 1939 मध्ये न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या, गुप्त चेटकिणींच्या मंडळाने मला दीक्षा दिली. 1954 मध्ये त्याचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. त्याच्या आधी येणं अवघडच होतं, कारण 1735 चा विचक्राफ्ट अ‍ॅक्ट 1951 पर्यंत पुस्तकात होता.

हा 1735 चा कायदा मला फार आवडतो. त्याआधीचे कायदे चेटूक करणाऱ्याला फाशी देत होते. या कायद्याने म्हटलं, चेटूक नावाची गोष्टच नाही, तेव्हा कोणी ‘मला ती शक्ती आहे’ असं सांगून लोकांना नादी लावत असेल तर तो ठग, त्याला तुरुंगात टाका. म्हणजे गुन्हा जादूचा नाही, दाव्याचा. आपल्या कायद्याकडे खाली येतेच.

गार्डनरच्या मागे एक बाई उभी होती. मार्गारेट मरे, इजिप्तच्या इतिहासाची अभ्यासक, जन्म कलकत्त्याचा, 1863. तिने 1921 मध्ये पुस्तक लिहून मांडलं की युरोपात ज्या बायका चेटकिणी म्हणून मारल्या त्या खरं तर ख्रिस्तपूर्व काळातल्या एका जुन्या धर्माच्या अनुयायी होत्या. ऐकायला भारी, पण इतिहासकारांनी हे पार मोडीत काढलंय. मारल्या गेलेल्या बायका-पुरुष साधे ख्रिश्चन शेजारीपाजारी होते. बहुतेक इतिहासकार हा आकडा चाळीस ते साठ हजार सांगतात. इंटरनेटवर ‘नव्वद लाख चेटकिणी जाळल्या’ फिरतं ते खोटं आहे, आणि इंग्लंडमध्ये तर जाळत नव्हते, फाशी देत. सेलममध्येही 1692 साली एकोणीस जणांना फाशीच दिली. खोटा आकडा फुगवला म्हणून मेलेल्यांना न्याय मिळत नाही हो.

म्हणजे विक्काचा ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा दावा टिकत नाही. रोनल्ड हटन या इतिहासकाराने 1999 मध्ये यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. आज बरेच विक्कन स्वतःच मान्य करतात की आमचा धर्म नवा आहे. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. आपला धर्म तीन पिढ्यांपूर्वी जुळवला गेला हे शांतपणे सांगणारे किती लोक तुम्हाला माहीत आहेत?

आता ते चार पुरावे.

सुरा. त्याला ‘अथामे’ म्हणतात. काळ्या मुठीचा, दुधारी. त्याने काहीही कापायचं नसतं. तो फक्त हवेत वर्तुळ आखायला, म्हणजे पूजेची जागा बांधून घ्यायला. वनस्पती, दोरा वगैरे कापायला पांढऱ्या मुठीचा वेगळा चाकू असतो. आमच्या सोसायटीत प्रत्येक स्वयंपाकघरात त्याहून धारदार सुरी आहे. मी तिचा अथामे हातात घेऊन पाहिला, त्याने टोमॅटो चिरला गेला नसता.

लॉकेट म्हणजे पेंटॅकल, वर्तुळातली पाच टोकांची चांदणी. चार टोकं पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, आणि पाचवं चैतन्य. आपल्याकडे पाचवं आकाश. एवढाच फरक. अमेरिकेत सैनिकांच्या थडग्यांवर हे चिन्ह कोरायला सरकारने 2007 मध्ये परवानगी दिली, तीही वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करून. त्याच्याआधी 1986 मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने एका कैद्याच्या खटल्यात विक्का हा धर्म असल्याचं मान्य केलं होतं. आणि सैतान? विक्कात सैतान नाहीच. तो ख्रिश्चन धर्मातला. विक्कात एक देवी आणि एक शिंगांचा देव. शिंगं बघून लोक घाबरतात, पण पोळ्याला शिंगं रंगवणाऱ्या आपण घाबरायचं काही कारण नाही.

वही म्हणजे ‘बुक ऑफ शॅडोज’. नाव भयंकर आहे, कबूल. पण ही प्रत्येकाची स्वतःची विधींची वही. गार्डनरच्या मंडळात दीक्षा घेतलेल्याने ती गुरूच्या वहीतून हाताने उतरवून घ्यायची असा रिवाज होता. माझ्या आजीच्या वहीत व्रतं, काढे आणि दृष्ट काढायची पद्धत एकाच शाईत होती. तिला कोणी ‘सावल्यांचं पुस्तक’ म्हटलं असतं तर तीही दचकली असती.

या वहीच्या निमित्ताने एका बाईची गोष्ट सांगायलाच हवी. डोरीन व्हॅलियंते. गार्डनरने तिला 1953 मध्ये दीक्षा दिली. ती वही वाचल्यावर तिच्या लगेच लक्षात आलं की यातला बराच मजकूर ‘प्राचीन’ नाही, अलिस्टर क्रोली या त्या काळच्या बदनाम तंत्रमार्गी लेखकाचा आहे. तिने तोंडावर सांगितलं. गार्डनर म्हणाला, मग तूच नीट लिही. आणि तिने लिहिलं. आज जगभर विक्कन जे देवीचं आवाहन म्हणतात त्याचा मोठा भाग तिच्या हातचा. पुढे 1957 च्या सुमारास गार्डनरला प्रसिद्धीचा सोस लागला, तिने आणि इतरांनी विरोध केला, तर त्याने अचानक ‘प्राचीन नियम’ काढून दाखवले. त्यात एक कलम असं की मुख्य पुजारीण वयाने मोठी झाली की तिने तरुण बाईसाठी पद सोडावं! देवीला सर्वोच्च मानणारा धर्म, पण नियम लिहिणारा सत्तरी ओलांडलेला बुवा. डोरीनबाई मंडळ सोडून निघून गेल्या. मला त्या फार जवळच्या वाटतात.

चौथा पुरावा पौर्णिमा. पौर्णिमेच्या बैठकीला ‘एस्बॅट’ म्हणतात. याशिवाय वर्षात आठ सण, ‘सॅबॅट’. चार अयनं-विषुवदिनांचे आणि चार त्यांच्या मधले. 31 ऑक्टोबरचा सण लिहितात ‘सॅमहेन’ सारखा, उच्चार ‘साविन’च्या जवळ. बाकी मेबन वगैरे नावं तर एका अमेरिकन माणसाने 1970 च्या दशकात ठेवलेली. मंडळाला ‘कोव्हन’, पुरुषालाही ‘विच’च म्हणतात, ‘वॉरलॉक’ म्हटलं तर विक्कन लोक चिडतात, कारण त्या शब्दाचा जुना अर्थ शपथ मोडणारा. नीतिनियम थोडक्यात असा की कुणाचं नुकसान न करता हवं ते कर, आणि जे पाठवशील ते तिप्पट होऊन तुझ्याकडे येईल. असा नियम मानणारी मुलगी शेजारच्या पोराला ताप आणेल का, हा प्रश्न मी ग्रुपवर टाकला. त्यावर दोन अंगठे आले, बाकी शांतता.

हां, गार्डनरच्या परंपरेत काही मंडळी विधी विवस्त्र करतात. त्यासाठी शब्द आहे ‘स्कायक्लॅड’. शब्दशः मराठी करून बघा: दिगंबर.

आता दुसरी बाजू. मी त्या मुलीलाही चार गोष्टी सुनावल्यात. तिच्या टेबलावर अठराशे रुपयांचा एक खडा आहे, तो चांदण्यात ‘चार्ज’ करायचा. टॅरो आहे, ‘मॅनिफेस्टेशन’चा ऑनलाइन कोर्स आहे, कुठल्याशा वाळल्या पानांची धुरी आहे. गार्डनर-डोरीनच्या विक्काशी त्या कोर्सचा फारसा संबंध नाही, हा बाजार आहे. आपल्या ग्रहांच्या अंगठ्यांचाच इंग्रजी भाऊ. खड्याने प्रमोशन मिळत नाही, हे मी पुष्कराजवाल्यांना सांगते तसं तिलाही सांगितलं. ती हसली.

पण ‘आय अ‍ॅम अ विच’ असं तिच्या मगवर लिहिलंय, त्यावर मात्र आमचं वाजलं. तिचं म्हणणं, काकू, तिकडे बायकांनी हा शब्द परत मिळवलाय, आपण का नको? मी म्हटलं, तिकडे चेटकीण म्हणून शेवटची शिक्षा होऊन तीनशे वर्षं होत आली. स्कॉटलंडच्या प्रथम मंत्र्यांनी 8 मार्च 2022 ला त्या जुन्या खटल्यांबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनाच्या कारणांमध्ये आजही ‘चेटूक’ असा वेगळा रकाना लागतो. झारखंडच्या चुटनी महतो आणि आसामच्या बिरुबाला राभा या दोघींना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच छळाविरुद्ध लढल्याबद्दल. हा इतिहास नाही, चालू घडामोडी आहेत.

मी हे पुस्तकात वाचून बोलत नाही. माझे वडील अक्कलकुवा तालुक्यात आश्रमशाळेवर मास्तर होते. मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या मागच्या पाड्यावरच्या एका विधवेला भगताने ‘डाकीण’ ठरवलं. दोन म्हशी मेल्या होत्या, एवढंच कारण. तिच्या नावावर थोडी जमीन होती आणि दिरांचा त्यावर डोळा होता, हे वडील आईला हळू आवाजात सांगायचे. एक रात्र ती आमच्या ओट्यावर झोपली. सकाळी ती नव्हती. आईने तिच्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी तशीच होती. ती कुठे गेली, मला अजून माहीत नाही. त्या बाईने कधी ‘मी चेटकीण आहे’ म्हटलं नव्हतं. तिच्याकडे मग नव्हता.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण काकू, मला पण तेच म्हणतायत ना आता?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि हेच आमच्या सोसायटीतल्या सुशिक्षित लोकांना मला सांगायचंय. इंजिनिअर, सीए, दोन डॉक्टर. तुमचा मेसेज आणि त्या भगताचा कौल यात फरक फक्त भाषेचा आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्टला पुण्यातच खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. तो कुणाला घरात मेणबत्ती लावायला किंवा देवीची प्रार्थना करायला मनाई करत नाही. पण एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, तिच्यामुळे रोगराई होते असं पसरवून तिला त्रास देणं, हे मात्र त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय पाच ते पन्नास हजार दंड. म्हणजे या प्रकरणात त्या कायद्याच्या जवळ कोणी जात असेल तर ती मुलगी नाही, ग्रुपवर लिहिणारे आहेत.

पत्रकार आणि भाषांतरकार मित्रांनो, तुमच्याकडेही एक मागणं. विक्काला ‘काळी जादू’ लिहू नका. झेनला आपण झेन म्हणतो, सुफीला सुफी, तसं विक्काला विक्का म्हणा. एका शब्दाच्या आळसामुळे कुणाचं तरी भाड्याचं घर जातं.

रविवारी सकाळी अकराला क्लबहाऊसमध्ये मीटिंग आहे. विषयपत्रिकेवर ‘भाडेकरूंबाबत नियमावली’ असं लिहिलंय, पण विषय काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. फ्लॅटमालकांना तिचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करू नका असे फोन गेलेत. मी कायद्याच्या वीस प्रती काढल्यात, अनुसूचीतल्या त्या कलमाला पिवळा हायलाइटर मारून. ज्यांना पटतंय त्यांनी नुसता अंगठा देऊ नका, खाली येऊन बसा. पोहे माझ्याकडून.